चौकटीत न आलेली नीलम्मा

“माझ्या अंगावर जे शोभलं, ते लातूर जिल्ह्यात कुणाच्याबी अंगावर शोभंल,” असं नीलम्मा एकदा म्हणाली होती.

ती बढाई नव्हती, तो तिचा धंदा होता. साडीच्या दुकानात साडी अंगावर टाकून दाखवणारं माणूस लागतं. घडीतली साडी मुकी असते. गादीवर मांडी ठोकून बसलेल्या बायका तिचा काठ चिमटीत धरतात, पोत चोळतात, एकमेकींकडे बघतात आणि म्हणतात, अंगावर टाकून दाखवा. मग दुकानातला एखादा मिशाळ गडी शर्ट-पँटीवरच निऱ्या घालतो, पदर खांद्यावर घेतो, मान जराशी कलती करतो, आणि समोरच्या बाया त्या मिशाळ माणसात आपली होणारी सून बघतात. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. जग ज्या गोष्टींवर चाललेलं आहे त्यांतल्या बऱ्याच गोष्टी अशाच आहेत.

गंजगोलाईतल्या वीरभद्रप्पांच्या दुकानात असाच एक गडी होता. तो सासऱ्याचं दुकान सांभाळायला हदगावला गेला आणि ऐन लग्नसराईत गादी सुनी पडली. साड्यांच्या घड्या घालायला ठेवलेल्या नीलम्माला वीरभद्रप्पा म्हणाले, “नीलम्मा, आजच्या दिवस तू उभी ऱ्हा.” ती उभी राहिली ती राहिलीच. उभ्या उभ्या तिचे निम्मे केस पांढरे झाले.

नीलम्मा उदगीरकडची. रंगानं काळी, अंगानं सुगीतल्या कणगीसारखी, खालपासून वरपर्यंत सारखी भरलेली. तिच्या खांद्यावर पदर पडला की तो घसरायचं धाडस करत नसे. बारीक बाईला तिच्या अंगावरची साडी बघून वाटायचं, हिला एवढी शोभते तर मला किती शोभेल. जाड बाईला वाटायचं, चला, एकटी नाही मी. दोघीही घेऊन जायच्या. नीलम्मा कुणाला घ्या म्हणत नसे. साडी नेसायची, एकदा समोरून, एकदा पाठमोरी, आणि मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणायची, “काढू का ठिवू?” एवढ्या वर्षांत ती हजारो नवऱ्या झाली होती आणि संध्याकाळी आपलं सुती पातळ नेसून घरी गेली होती.

घरी नवरा वैजनाथ. तो डाळमिलमध्ये कामाला. मिलच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून त्यानं बोलणंच कमी केलेलं, आणि सवय अशी की घरीही तोच हिशेब. आणि मुलगी शिवकन्या. ती डॉक्टर व्हावी म्हणून आधी क्लास लावला, मग परीक्षा पुन्हा देणाऱ्यांची रिपीटर बॅच लावली, मग पुन्हा रिपीटर. लातुरात याला कुणी हसत नाही. प्रत्येक गल्लीत एक रिपीटर असतो, जसा प्रत्येक गल्लीत एक पिंपळ असतो. शेवटी शिवकन्येनं बीएस्सी केलं आणि घरी बसली. ती आईच्या वळणावर गेली होती. रुंद खांदे, भरलेले दंड, हसली की गालांत डोळे बुडायचे. ती जेवायला बसली की वैजनाथ स्वतःचं जेवण विसरून तिच्याकडे बघत राहायचा.

वीरभद्रप्पांच्या मुलाचं लग्न नांदेडच्या मालविकेशी झालं आणि दुकानाला सुधारणा सुरू झाली. मालविकेचे वडील कॉलेजात शिकवायचे, ती स्वतः पुण्याला शिकलेली. बोलायला गोड, कामाला वाघ. तिनं गादी ठेवली, पण गादीसमोर एक आरसा आणून उभा केला. आरसा म्हणजे माणसाहून उंच काळी काच. आपण समोर उभं राहायचं, ती काच आपल्याला बघते, आपल्या अंगाभोवती हिरवी चौकट काढते, मग बोटानं साडी निवडली की ती साडी काचेतल्या आपल्या अंगावर चढते. निऱ्या नकोत, पिना नकोत, नीलम्मा नको. हे शेवटचं मालविका बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

“बाबा, जरा समोर उभे राहा. बघायचंय चालतंय का,” ती सासऱ्यांना म्हणाली.

वीरभद्रप्पा सत्तरीचे. अंगात मांस असं नाहीच, धोतर नेसवलेली काठी. ते समोर उभे राहिले मात्र, काचेत टकन हिरवी चौकट उमटली आणि आतून एक गोड बाई बोलली, “अभिनंदन. आपण या साडीसाठी योग्य आहात.” मोरपंखी सिल्क वीरभद्रप्पांच्या अंगावर अशी बसली की गादीवरच्या बायकांच्या तोंडातून आपसूक “अगं बाई” निघालं. वीरभद्रप्पांनी स्वतःला नीट न्याहाळलं, कपाळावरची विभूती ठीक केली आणि म्हणाले, “बरं हाय की.” लातुरातली पहिली चौकट अशी एका सत्तरीच्या व्यापाऱ्याला आली.

मग नीलम्माला उभं केलं. चौकट आलीच नाही. गोड बाई म्हणाली, “समोर कोणी नाही. कृपया समोर उभे राहा.”

“अक्का, थोडं पुढं या,” मालविका म्हणाली.

नीलम्मा पुढे आली. “समोर कोणी नाही,” बाई म्हणाली.

“मागं जाऊन बघा.”

नीलम्मा मागे गेली. काचेनं इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं आणि नीलम्माच्या शेजारी जो उभा पंखा होता, त्याला हिरवी चौकट घातली. बाईनं पंख्याचं अभिनंदन केलं. पंख्याच्या दांड्याला गुलबक्षी साडी चढली, कंबर कशी, पदर कसा, सगळं जागच्या जागी. सगळे पोट धरून हसले. नीलम्माही हसली. मालविकेनं पंखा उचलून कोपऱ्यात ठेवला.

त्या दिवशी हसणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बायका येऊन उभ्या राहू लागल्या आणि कळलं की काच नीलम्मालाच नाही, जवळजवळ कुणालाच बघत नाही. कंधारहून आलेली तहसील कचेरीतली क्लार्क उभी राहिली, “समोर कोणी नाही.” तिच्या मागे तिची नणंद, “समोर कोणी नाही.” मालविकेनं कंपनीला फोन लावला. फोनवरचा माणूस शांत होता.

“मॅडम, मशीन बरोबर आहे. तिला बाई ओळखता येते.”

“अहो, पण इथं ढीगभर बाया उभ्या आहेत.”

“मशीनला जशी बाई शिकवलेली आहे तशा नसतील.”

“मग काय करायचं?”

“तुम्ही बघा,” तो म्हणाला, “मशीनमध्ये तर काही करण्यासारखं नाही.”

आता काच परत पाठवावी असं कुणाच्याही मनात आलं नाही. माणसाची जातच अशी. आरशात तोंड वाकडं दिसलं तर माणूस आधी गाल चाचपतो. बायकांनी पोटं आत घेतली. श्वास ओढून, खांदे आवळून, डोळे वटारून त्या काचेसमोर उभ्या राहू लागल्या. एखादीला क्षणभर चौकट यायची, ती आनंदानं श्वास सोडायची, की चौकट गेली. मग नवऱ्याला म्हणायची, “तुमी बघितलं न्हव? आलती.” नवरा म्हणायचा, “मी खिसा बघून राहिलो होतो.”

बातमी अहमदपूर, देगलूर, नांदेडपर्यंत गेली. एसटीनं बायका यायला लागल्या. साडी घ्यायला नाही, चौकट बघायला. ज्यांना आली त्या मान वर करून बाहेर पडायच्या आणि समोरच्या दुकानात जाऊन कुठलीही साडी घ्यायच्या. ज्यांना नाही आली त्यांना साडी घ्यायची इच्छाच उरत नसे. वीरभद्रप्पांच्या दुकानात कधी नव्हती एवढी गर्दी आणि कधी नव्हता एवढा शुकशुकाट एकाच वेळी नांदायला लागले.

आणि लातूर ते लातूरच. जिथे दोन माणसं एका गोष्टीत नापास होतात, तिथे तिसरं माणूस क्लास काढतं. बार्शी रोडला ‘चौकट क्लासेस’चा फलक लागला. सकाळची बॅच, दुपारची बॅच, गृहिणींसाठी वेगळी, आणि अर्थातच रिपीटर. शिकवायचे काय, तर श्वास. श्वास आत कसा घ्यायचा, आत ठेवून हसायचं कसं, आत ठेवून “नमस्कार करते” कसं म्हणायचं. ज्यांना चौकट आली त्यांचे फोटो फलकावर, खाली नाव, गाव आणि कितव्या प्रयत्नात ते. लग्नाच्या बायोडाट्यात रंग, उंची, शिक्षण याच्याखाली नवी ओळ आली. चौकट : येते.

मालविकेला स्वतःला चौकट फक्त सकाळी यायची, चहाच्या आधी. म्हणून ती दुकान उघडल्या उघडल्या आधी काचेपुढे उभी राहायची, अभिनंदन ऐकायची, आणि मग चहा घ्यायची. एके दिवशी अभिनंदन झालं नाही. त्या दिवशी तिनं चहाच घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नीलम्मानं कप तिच्यापुढे सरकवला तर म्हणाली, “नको अक्का. उद्या घेईन.”

“उद्याचा चहा आज कामून सोडायचा?”

मालविका कसनुसं हसली. “तुम्हाला नाही कळायचं.”

पण नीलम्माला कळायला लागलं होतं, आणि हीच या गोष्टीतली वाईट गोष्ट. तिला पुन्हा घड्यांवर बसवलं होतं. हजारो नवऱ्या झालेली बाई कोपऱ्यात पंख्याशेजारी बसून घड्या घालायची आणि दिवसभर ऐकायची, समोर कोणी नाही, समोर कोणी नाही. एक वाक्य दिवसभर ऐकलं की ते आपल्याला उद्देशून आहे असं वाटायला लागतं. दुपारी दुकान रिकामं असताना ती उठायची, पदर खोचायची, श्वास ओढायची आणि काचेपुढे उभी राहायची. काचेत दुकान दिसायचं, रॅक दिसायचे, देवाचा फोटो दिसायचा. तीही दिसायची, पण दिसूनही मोजली जात नव्हती. एकदा तिला वाटलं, आपण खरंच इथं नसू. तिनं काचेला हात लावून बघितला. हाताचा ठसा उमटला, तो तिनंच पदरानं पुसला.

घरी ती अर्धीच भाकरी खाऊ लागली.

“कामून?” वैजनाथनं विचारलं.

“पोट बरं न्हाई.”

शिवकन्या तर भाकरीला हातच लावेना. तिला अहमदपूरचं स्थळ आलं होतं. मुलगा लातुरातच एका क्लासला फिजिक्स शिकवणारा, घरी शेती, स्वभावानं गरीब. मुलानं तिला बघितलं, आवडली. तिलाही तो आवडला. दोघं एकदा गंजगोलाईत उसाचा रस पीत उभे राहिले आणि तो तिला म्हणाला की तुम्ही हसता तेव्हा तुमचे डोळे कुठं जातात? ती घरी येऊन आरशात डोळे शोधत बसली होती. पण त्या घरात शब्द चालायचा मुलाच्या आत्याबाईंचा. महादेवी आत्यानं निरोप पाठवला, की मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे, आमचं काही म्हणणं नाही. फक्त बस्ता वीरभद्रप्पांच्याच दुकानात बांधू, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर मुलीला चौकट येऊ द्या. मग कुंकू लावू. पाहुण्यारावळ्यांत तोंड दाखवायचं असतं.

शिवकन्येनं क्लास लावला. पुन्हा रिपीटर व्हायची वेळ आली तरी तिचं काही म्हणणं नव्हतं, ते तिला येतच होतं. सकाळी जिऱ्याचं पाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी श्वास. तिचे गाल आत गेले आणि डोळे मोठे दिसायला लागले. हसली तरी आता ते बुडत नव्हते. चालताना ती भिंतीला हात लावून चालायची. नीलम्मा म्हणायची, “घासभर खा की गं,” आणि स्वतःची अर्धी भाकरी ताटाखाली सरकवायची. मुलगी आईचं ताट बघायची, आई मुलीचं बघायची, आणि भाकऱ्या तशाच टोपलीत राहायच्या. त्या वैजनाथ दाराबाहेरच्या कुत्र्याला घालायचा. गल्लीत तेवढं ते कुत्रं बाळसं धरून राहिलं होतं.

“ह्याला काय आता चौकट यायची न्हाई,” तो एकदा म्हणाला. त्या महिन्यात त्याचं बोललेलं एवढंच एक वाक्य होतं, आणि त्याला कुणी हसलं नाही.

बस्त्याचा दिवस उजाडला. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापडचोपड दोन्ही घरांनी मिळून, एका दुकानात, एका गादीवर बसून घ्यायचं. नवरीचा शालू पसंत पडला की मुलाकडची सवाष्ण तिथेच मुलीला कुंकू लावते, शालूनं ओटी भरते, आणि मग ती पोर त्यांची झाली. त्यानंतर मोडलेलं लग्न कुणी ऐकलेलं नाही.

वैशाखाचा उन्हाळा. एसी नुसता घुरघुरत होता. गर्दीला वारा लागावा म्हणून कोपऱ्यातला उभा पंखा पुन्हा काचेजवळ आणून लावला होता. तो सवयीनं मान इकडून तिकडे फिरवत होता. नीलम्मा आज पहिल्यांदाच गादीवर बसली होती, नवरीची आई म्हणून. एवढी वर्षं गादीसमोर उभं राहिल्यावर मांडी कशी घालायची तेच तिला उमगेना. मुलाची बॅच होती म्हणून तो आला नव्हता. समोर महादेवी आत्या. उंच, कोरडी, बोटांत अंगठ्या, आवाजात ठसका.

“विहीणबाई, तुमीच ना त्या साड्या नेसून दाखवायच्या?” आत्यानं विचारलं.

“हाव.”

“माझ्या लग्नाचा शालू तुमीच नेसून दाखवला असंल मग.”

“असंल.”

“मी बारीक होते तवा,” आत्या म्हणाली, “तुमच्या अंगावर बघून लई बारीक वाटलं मला.”

शालू निवडला गेला. डाळिंबी रंग, जरीचे काठ. मालविकेनं काचेत तो लावला. शिवकन्या उठली. तिनं श्वास ओढला, खांदे आवळले, क्लासात शिकवलं तसं हसली.

“समोर कोणी नाही. कृपया समोर उभे राहा.”

“परत,” आत्या म्हणाली.

शिवकन्येनं अजून श्वास ओढला. आता ओढायला आत जागाच नव्हती.

“समोर कोणी नाही.”

“क्लास लावला म्हणला होता न्हव तुमी?” आत्यानं वैजनाथला विचारलं.

“रिपीटर हाय,” वैजनाथ म्हणाला.

“सकाळपासून काय खाल्लंय तिनं?”

“काय न्हाई,” नीलम्मा म्हणाली. तिला वाटलं, आत्या आता म्हणेल, अगं मग काहीतरी द्या पोरीला.

“मग येईल की,” आत्या म्हणाली. “घाई नको.”

तिसऱ्यांदा श्वास ओढताना शिवकन्येच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. तिचा तोल गेला, हात हवेत फिरला आणि पंख्याच्या दांड्यावर पडला. ती दांडा धरून, त्यावर डोकं टेकवून उभी राहिली. आणि काचेत टकन हिरवी चौकट उमटली.

“अभिनंदन. आपण या साडीसाठी योग्य आहात.”

गादीवर एकदम कालवा झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पेढ्यांचा बॉक्स सोडला. काचेत शिवकन्येचा चेहरा होता, आणि चेहऱ्याच्या खाली पंख्याचा दांडा डाळिंबी शालू नेसून उभा होता. कंबर मुठीत मावेल अशी. खांदे नाहीतच. पदर सरळ खाली आलेला, त्याला अडवायला वाटेत काहीच नाही.

नीलम्मानं मालविकेकडे बघितलं. मालविकेनं काचेकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, आणि मग साडीच्या किमतीचं लेबल वाचायला लागली. महादेवी आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

“हाव,” ती म्हणाली, “हीच.”

“ह्यो पंखा हाय,” वैजनाथ हळूच म्हणाला.

“पाव्हणं, शुभ येळंला असं बोलू न्हाई.”

“पण पंखाच हाय की त्यो.”

“तोंड तर पोरीचं हाय न्हव?” आत्या म्हणाली. “मग झालं की. माझ्या टायमाला फोटोत तोंड तरी कुठं माझं होतं.” यावर पाहुण्यांतल्या एक-दोघींनी माना डोलावल्या, जणू त्यांच्याही फोटोत दुसरंच कुणी होतं. मग आत्या भराभर कामाला लागली. काचेतल्या ह्या फोटोवरूनच ब्लाऊजचं माप घ्या. बांगड्याही ह्याच मापाच्या भरा, उगाच सैल नकोत. स्टेजवरची खुर्ची मोठी कशाला, एवढीशी पुरे. जेवणाच्या ताटाचं बघता येईल, नवरी काही फार खाणार नाही. वीरभद्रप्पा मान डोलवत होते. कुणालाच यात काही वावगं दिसत नव्हतं.

शिवकन्या अजून दांडा धरून उभी होती आणि काचेत बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. नीलम्मानं तो चेहरा ओळखला. निकालाच्या दिवशी तीनदा तिनं त्या चेहऱ्याची वाट बघितली होती आणि तीनदा तो आला नव्हता. आज आला होता. पास झाली होती पोर. फक्त ज्या जागी ती पास झाली होती, त्या जागी ती नव्हती.

“आता लग्नापतोर अशीच ऱ्हा गं बाई,” आत्या काचेतल्या मुलीला म्हणाली.

“राहीन,” शिवकन्या म्हणाली. आवाज इतका बारीक, की तोही क्लासात शिकवलेला असावा.

आत्यानं कुंकवाचा करंडा उघडला. ताटात नारळ, खण, तांदूळ. “आणा मुलीला पुढं.”

नीलम्मा उठली.

ती उठली तशी दुकानातल्या जुन्या माणसांच्या माना सवयीनं वर झाल्या. नीलम्मा उठली म्हणजे काहीतरी नेसून दाखवणार. तिनं गादीवरचा डाळिंबी शालू उचलला, एका झटक्यात त्याची घडी मोडली. मुलीचा हात दांड्यावरून सोडवला आणि तिला खांबाला टेकवून उभं केलं. मग पंखा उचलून तिनं गादीवर आणला, बरोबर आत्याच्या पुढ्यात. वायर पुरली. पंखा चालूच होता, मान फिरवत होता. नीलम्मानं त्याच्या दांड्याला शालू गुंडाळला, निऱ्या घातल्या, प्रत्येक निरी बोटानं दाबली, पुढून पदर काढला, मागून आणला, पंख्याच्या बटणापाशी पिन मारली. कुठे चूण नाही, कुठे झोळ नाही. इतक्या वर्षांत इतकी नीट साडी तिनं कुणाला नेसवली नव्हती. एक पाऊल मागे होऊन तिनं बघितलं. काचेत होतं तसंच, तंतोतंत.

“अभिनंदन,” काचेतली बाई म्हणाली.

महादेवी आत्याचा हात कुंकवात बुडून वर आला होता. असा हात एकदा वर आला की तो थांबत नाही, तो पिढ्यानपिढ्यांचा असतो. तो पुढे गेला आणि पंख्याच्या जाळीवर, मधोमध, टेकला. कुंकू वाऱ्यात उडालं. आधी मुलाकडच्यांवर, मग पंख्यानं मान वळवली तसं मुलीकडच्यांवर, मग पुन्हा मुलाकडच्यांवर. वीरभद्रप्पांचं पांढरं धोतर लाल झालं.

“पसंत हाय न्हव गं तुला?” आत्याच्या तोंडून गेलं. तेही सवयीनंच.

पंख्यानं मान इकडून तिकडे हलवली.

कुणी हसलं नाही. नीलम्मानं नारळ, खण, तांदूळ उचलले आणि शालूच्या ओच्यात, दांडा बैठकीला मिळतो तिथे, नीट ठेवले. मग ती सरळ झाली आणि लेक सासरी निघताना आई फिरवते तसा तिनं पंख्याच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. ती कडाकड मोडली. सगळ्यांना ऐकू आली.

“नीलम्मा,” वीरभद्रप्पा म्हणाले, “हे काय करून राहिलीस?”

ती मुलीकडे गेली. शिवकन्या खांबाला टेकून उभी होती, नजर अजून काचेत. तिचं मनगट नीलम्मानं हातात घेतलं. ते इतकं हलकं लागलं की तिनं खात्रीसाठी खाली बघितलं. हात होता, रिकामी बाही नव्हती. वैजनाथ केव्हाच उठून चपला शोधायला लागला होता.

“आई, माझी चौकट,” शिवकन्या म्हणाली.

नीलम्मानं मनगटावरची पकड घट्ट केली. मायलेकी काचेसमोरून गेल्या तेव्हा बाई आतून गोड आवाजात म्हणाली, “समोर कोणी नाही. कृपया समोर उभे राहा.” नीलम्मा थांबली नाही. चौकटीत न येणारं आपलं सगळं अंग घेऊन, मुलीला धरून ती पायऱ्या उतरली आणि गंजगोलाईच्या उन्हात निघून गेली.